दुखतंय कुठं, आणि किती वाजता

पार्किन्सन्स म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं थरथरणारा हात येतो. माझाही उजवा हात थरथरतो. कप बशीवर वाजायला लागला की पाहुणे भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघतात आणि निघताना दाराशी हळूच विचारतात, "फार त्रास होतो का हो हाताचा?" हाताचा नाही होत. हात थरथरतो, थरथरू दे. त्रास आहे तो दुखण्याचा. खांदा, मान, पाठ, पोटऱ्या आणि पहाटेचं डावं पाऊल. याबद्दल कुणी विचारत नाही, कारण ते दिसत नाही. आणि या आजारात दुखतं हे घरच्यांना, शेजाऱ्यांना, कधीकधी औषध देणाऱ्यांनाही ठाऊक नसतं.

मी एसटीत होतो. आधी वाहक, मग वाहतूक नियंत्रक. शेवटची वर्षं कराड स्टँडच्या कंट्रोल केबिनमध्ये काढली. माइक, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंदवही आणि खिडकीतून डोकं आत घालून "चिपळूण कधी लागणार?" विचारणारी माणसं. चिपळूणची गाडी पाटण, कोयना करून कुंभार्ली घाट उतरते. पावसाळ्यात तिच्या वेळेची हमी कुणीच देऊ शकत नाही, पण हे खिडकीतल्या माणसाला सांगून उपयोग नसतो.

निवृत्तीला दोनेक वर्षं असताना उजवा खांदा धरला. शर्टाच्या बाहीत हात घालताना कळ यायची. माइकचं बटण उजव्या बाजूला होतं, तिथवर हात न्यायलाही नको वाटायचं. हाडांच्या डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर सांगितलं. साखर तपासली, ती ठीक निघाली. मग शेक, भिंतीवर बोटांनी वर वर चढत जायचा व्यायाम, दाराला अडकवलेली कप्पी आणि दोरी, एक इंजेक्शन. थोडं सुटायचं, पुन्हा धरायचं. आमची ही म्हणायची, "आयुष्यभर पंचिंग केलंत, त्याचं आहे हे." मलाही ते पटायचं.

त्याच काळात नोंदवहीतलं माझं अक्षर बारीक व्हायला लागलं. ओळीच्या डाव्या टोकाला गाडी नंबर ठीक, उजव्या टोकाला शेरा लिहीपर्यंत चष्मा लावूनही वाचता येऊ नये इतकं. डेपोतल्या डिझेलचा वास येईनासा झाला होता, पण तो गेला म्हणून कोण तक्रार करणार? शेवटी लक्षात आणून दिलं एका जुन्या ड्रायव्हरनं. चिपळूण लाइनला आम्ही जोडीनं बरीच ड्युटी केलेली. केबिनमधून कँटीनकडं चाललो होतो, तो मागून म्हणाला, "मास्तर, तुमचा उजवा हात हलतच नाही की चालताना. डावा हलतोय." कंट्रोलर झालो तरी तो मला मास्तरच म्हणायचा.

कोल्हापूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवायला लावली, कागदावर चकलीसारखी भोवरी काढायला लावली, बाहेरच्या बोळात चालवलं आणि मागं उभं राहून दोन्ही खांदे धरून मला एकदम ओढलं. एमआरआय काढला तो दुसरं काही नाही ना हे बघायला. हा आजार रक्तात सापडत नाही, डॉक्टरांच्या डोळ्यांना सापडतो. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "खांदा कधीपासून दुखतोय?" मी तारीख-वार सांगितला. ते म्हणाले, "मग आजारही साधारण तेव्हापासूनचाच धरा."

त्यांनी समजावलं ते असं. मेंदूच्या तळाशी सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा एक काळसर भाग असतो. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. त्या पेशी मरत जातात, आणि बाहेर काही दिसू लागेपर्यंत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त गेलेल्या असतात. डोपामिन कमी पडलं की स्नायू सैल पडायचं विसरतात. झोपेत, बसल्या जागी, टीव्ही बघतानासुद्धा ते ताठच. हात झुलायचा थांबला की खांद्याचा सांधा आखडतो आणि दुखायला लागतो. बऱ्याच जणांच्या बाबतीत कंपाआधी खांदाच बोलतो, आणि पुढं ज्या बाजूला कंप येणार त्याच बाजूचा. दुसरी गोष्ट अशी की शरीरातून येणाऱ्या वेदनेला मेंदूनं किती किंमत द्यायची, यातही डोपामिनचा हात असतो. ते घटलं की तेवढंच दुखणं जास्त दुखतं. म्हणजे आमचं दुहेरी नुकसान. दुखायला कारण जास्त, आणि सोसायची ताकद कमी.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला तो फक्त सहा रुग्णांवरून, आणि त्यातले काही तर त्यांनी रस्त्यात पाहिलेले. त्यात त्यांनी इंद्रियं आणि बुद्धी शाबूत राहतात असं म्हटलंय. रस्त्यानं चाललेल्या माणसाचं वाकणं दिसतं, थरथरणं दिसतं, पोटरीतली कळ कशी दिसणार? त्यांना दोष देत नाही मी. पण दोनशे वर्षांनंतरही तपासणीच्या खोलीत पहिला प्रश्न हाताचा आणि चालण्याचाच असतो. वेगवेगळ्या पाहण्यांत या आजाराच्या ४० ते ८५ टक्के लोकांना दुखण्याचा त्रास असल्याचं आढळलंय. आकडा एवढा मागंपुढं होतो, कारण कुणी कसं विचारलं यावर तो ठरतो. न विचारता सांगणारे आमच्यात कमीच.

गोळी सुरू झाली, डोपामिनची उणीव भरून काढणारी, लेव्होडोपा आणि कार्बिडोपाची. आपल्याकडं पुष्कळांच्या डब्यात ती सिंडोपा या नावानं असते. पहिली दोन-तीन वर्षं मी अगदी मजेत होतो. खांदासुद्धा मोकळा झाला. कप्पी-दोरी काढून माळ्यावर टाकली. मग हळूहळू गोळीचा अंमल आखडायला लागला. पहिली पाळी सुटलीय आणि पुढच्या पाळीचा माणूस अजून आलेलाच नाही, अशी मधली वेळ दिवसातून तीनदा-चारदा येऊ लागली. त्याला 'ऑफ' म्हणतात. ऑफमध्ये माणूस हळू होतो हे सगळे सांगतात. पण ऑफमध्ये दुखतं, हे मला माझ्या अंगानं सांगितलं.

सगळ्यात वाईट पहाट. साडेचार-पाचला डाव्या पायाची बोटं आपोआप खाली वळायची, अंगठा उलटा वर उठायचा आणि पाऊल आत फिरायचं. पिळा बसायचा नुसता. फरशीवर टेकवावं तर कडेवर उभं राहायची पाळी. पोटरी हाताला घट्ट लागायची. ही उठून तेल लावायची, गरम पाण्याची पिशवी ठेवायची. ओवा घालून कढवलेलं तेलही झालं. आम्हाला वाटलं गोळे येतायत, केळी खा, पाणी जास्त प्या. सातची गोळी घेतली की साडेसात-पावणेआठला पाऊल आपोआप सरळ. बरेच दिवस आम्ही त्याचं श्रेय तेलाला देत होतो.

सवयीनं मी एक वही घातली. नोकरीभर तेच केलेलं, गाडी कधी यायची होती, कधी आली, उशीर का. रकाने आखले. गोळीची ठरलेली वेळ, प्रत्यक्ष घेतल्याची वेळ, जेवण, चाल कशी, दुखतंय कुठं, दहापैकी किती, आणि शेवटी शेरा. अक्षर बारीक येतं म्हणून पान आडवं धरून एका रेघेत एकच नोंद. पंधरा-वीस दिवसांतच पान बोलायला लागलं. पावलाचा पिळा कायम पहाटे, म्हणजे रात्री नऊच्या गोळीनंतरचा सगळ्यात मोठा खंड संपत आला की. मान आणि पाठ कायम पुढच्या गोळीच्या आधीच्या पाऊण तासात. दुपारी मात्र गोंधळ, कधी दुखायचं, कधी नाही. मग जेवणाच्या रकान्याकडं बघितलं. ज्या दिवशी गोळी जेवणाच्या पानावर घेतली त्या दिवशी दुखलं. आमच्याकडं दुपारी उसळ आणि वाटीभर दही ठरलेलं. या गोळीला आतड्यातून रक्तात जायला प्रथिनांशी स्पर्धा करावी लागते, आणि पोट साफ नसेल, जेवण पोटात रेंगाळत असेल, तर गोळीही तिथंच रेंगाळते. आता गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, नुसत्या पाण्याबरोबर. दही सोडलं नाही.

वही डॉक्टरांपुढं ठेवली. त्यांनी चष्मा वर करून नीट वाचली, आणि पहिल्यांदाच आमच्या बोलण्यात 'कंप' हा शब्द आला नाही. पहाटेच्या प्रकाराला डिस्टोनिया म्हणतात असं ते म्हणाले. गोळे येणं वेगळं, हे वेगळं. त्यांनी झोपताना हळूहळू विरघळणारी गोळी दिली आणि सकाळची पहिली गोळी अंथरुणातच, उठायच्या बरीच आधी घ्यायला सांगितली. आता उशाशी पाण्याची बाटली आणि गोळी ठेवलेली असते. पिळा गेला असं म्हणणार नाही, पण रोजचा होता तो आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवसावर आला. हा माझा हिशेब आहे. तुमच्या गोळ्यांची वेळ तुमच्या डॉक्टरांनीच बदलायची, आणि ही गोळी एकदम बंद तर कधीच करायची नाही.

सगळंच दुखणं पार्किन्सन्सचं नसतं, हेही वहीनंच दाखवलं. उजवा गुडघा गोळीआधीही दुखतो आणि नंतरही, सकाळीही आणि संध्याकाळीही, जिना चढलो की जास्त. त्याला डोपामिनशी काही देणंघेणं नाही. तो वयाचा आणि धावत्या गाडीच्या पायरीवरून उतरण्याचा गुडघा आहे. त्याला त्याचा वेगळा इलाज. हे वेगळं काढलं नाही तर दोन गोष्टी होतात. एक, गुडघ्यासाठी पार्किन्सन्सची गोळी वाढत जाते. दोन, ऑफमधल्या दुखण्यासाठी मेडिकलवाल्याकडून वेदनाशामकं आणून पोट आणि मूत्रपिंडं बिघडतात. मग मळमळायला लागलं की उलटीची गोळी घ्यायची, आणि त्यातही एक मेख आहे. मेटोक्लोप्रामाइड नावाचं उलटीचं औषध मेंदूतल्या डोपामिनचीच वाट अडवतं. आमच्यासारख्यांनी ते टाळायचं. हे मी पाकिटात कागदावर लिहून ठेवलंय, कारण रात्री-बेरात्री कुठल्याही दवाखान्यात न्यायची वेळ आली तर ते सांगायचं कुणाला सुचणार?

पुण्याला मुलाकडं असताना ११ एप्रिलच्या एका मेळाव्याला गेलो होतो. तो जेम्स पार्किन्सन यांचा जन्मदिवस, जगभर पार्किन्सन्स दिन म्हणून पाळतात. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईतली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी २००१ पासून काम करते. भाषणं झाली, चहाला उठलो, आणि खरी माहिती तिथं मिळाली. एक बाई म्हणाल्या, त्यांची जीभ आणि हिरड्या दिवसभर जळतात, दाताच्या डॉक्टरांनी सगळे दात ठीक सांगितले. एका गृहस्थांच्या कमरेतून पायापर्यंत सणक जाते. ती मणक्यातल्या दबलेल्या नसेची, पण वाकून चालण्यामुळं ती नस जास्त दबते. एक जण म्हणाले, दुखत काहीच नाही हो, पण संध्याकाळी पाय स्वस्थ ठेवता येत नाहीत, उठून येरझाऱ्या घालाव्या लागतात. एकाच आजाराची इतकी दुखणी. डॉक्टर लोकांनी त्यांचे प्रकार पाडलेत आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या नावानं एक मोजपट्टीही निघाली आहे. चौदा प्रश्न, प्रत्येकाला किती तीव्र आणि किती वेळा असे दोन आकडे द्यायचे आणि त्यांचा गुणाकार करायचा. पूर्ण गुण १६८. इतके गुण मिळवायची कुणाला हौस नसावी.

मला जास्त विचारात पाडलं ते दुसऱ्या एका फॉर्मनं. पार्किन्सन्सच्या रुग्णाचं जगणं कसं चाललंय हे मोजायला ३९ प्रश्नांची एक यादी वापरतात. आठ भाग आहेत. हिंडणं-फिरणं दहा प्रश्न, रोजची कामं सहा, मन सहा, चारचौघांत वाटणारा संकोच चार, आधार तीन, लक्ष आणि स्मरण चार, बोलणं तीन आणि अंगाचं दुखणं तीन. नातीनं मराठीत वाचून दाखवला, मी उत्तरं दिली. दुखण्याचे तीन प्रश्न शेवटी येतात, आणि तोवर मी दुखण्याची सगळी उत्तरं देऊन बसलो होतो. बाहेर जायचं टाळता का? टाळतो, कारण गाडी स्पीडब्रेकरवर आदळली की मान ओरडते. बटणं लावायला त्रास होतो का? बोटांपेक्षा खांद्याला होतो. एकटं वाटतं का? पहाटे साडेचारला वाटतं. चिडता का? नातीनं माझ्याकडं न बघताच 'नेहमी'वर खूण केली. फॉर्म चुकीचा आहे असं नाही. दुखणं स्वतःच्या तीन चौकोनांत बसत नाही, एवढंच.

दुखतंय हे आमच्या तोंडावर दिसत नाही, हा आणखी एक घोळ. चेहऱ्याचे स्नायूही ताठ होतात, पापण्या कमी लवतात. भाचीच्या लग्नाच्या फोटोत मी असा उभा आहे की हुंड्याचं काहीतरी बिनसलंय असं वाटावं. खरं तर त्या दिवशी मी खूश होतो, जिलेबी दोनदा घेतली होती. उलट पाठीत कळ असतानाही चेहरा तोच. कपाळावर आठी नाही, ओठ दाबलेले नाहीत. समोरच्याला वाटतं काका शांत बसलेत. त्यात आवाज गेलेला. ज्या आवाजावर स्टँडभर माणसं बॅगा उचलून फलाट बदलायची, तो आता स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत पोचत नाही. 'आई गं' म्हटलं तर शेजारी बसलेल्याला जांभई वाटते. फोनमध्ये बोलून टाइप करायची सोय आहे म्हणतात. त्या फोनलाही मी ऐकू जात नाही, म्हणून हे सगळं एका बोटानं टाइप करतोय.

हिनं मात्र दुसऱ्या खुणा शोधल्यात. डावा हात खाटेची कड धरून बसला की दुखतंय. उत्तर एका शब्दात आलं की दुखतंय. पेपर उघडा आहे पण पान उलटत नाही, म्हणजे दुखतंय. मला यातली एकही खूण माहीत नव्हती. ती एकदा मुलाला फोनवर सांगत होती, तेव्हा मी ऐकलं.

रात्रीचीही एक तऱ्हा आहे. निरोगी माणूस झोपेत किती वेळा कूस बदलतो त्याचा त्याला पत्ता नसतो. आम्हाला बदलता येत नाही. ज्या कुशीवर झोपलो त्याच कुशीवर तीन-चार तास, मग खांदा, खुबा, कान, सगळं ठणकायला लागतं. यावर औषधाच्या दुकानात मिळणार नाही असा इलाज फिजिओथेरपिस्ट मुलीनं सांगितला. सुती चादरीवर अंग अडकतं, कमरेच्या भागात गुळगुळीत कापड घाला. हिनं ट्रंकेतून एक जुनी नायलॉनची साडी काढली, चौघडी करून मध्ये टाकली आणि कडा गादीखाली दाबल्या. कमरेपासून सरकायला लागलो की राव! पायाकडं मात्र सुतीच ठेवायचं, नाहीतर टाच रोवता येत नाही. साडी मोरपंखी आहे, जरीचे बुट्टे असलेली. मुलगा पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, "बाबा, हे काय?" मी म्हटलं, मेडिकल इक्विपमेंट.

इलाज सांगणारे गावात पुष्कळ. एका नातेवाइकांनी कवचबीजाचं चूर्ण आणून दिलं, म्हणजे खाजकुइलीच्या बिया. शाळेत आम्ही हिच्याच शेंगांची लव मास्तरांच्या खुर्चीवर टाकायचो. त्या बियांत खरंच लेव्होडोपा असतं, थाप नाही ती. आणि म्हणूनच मी ते घेतलं नाही. गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते पाकिटावर छापलेलं असतं, चमचाभर चुर्णात किती आहे ते कोण सांगणार? दोन्ही एकत्र झाली तर अंग नको तसं वळवळायला लागतं, भास होतात. "नैसर्गिक आहे, अपाय नाही," असं म्हणणाऱ्यांना खाजकुइली अंगाला लावून बघा म्हणावंसं वाटतं.

व्यायामाबद्दल सगळेच सांगतात, त्यामुळं थोडक्यात. गोळीचा अंमल चांगला असतो तेव्हा प्रीतिसंगमावर चालायला जातो. मोठी पावलं, हात मुद्दाम झुलवत. सुरुवातीला परेड करतोय असं वाटून लाज वाटायची. तिथंच एका कडेला उभं राहून आवाजाचा व्यायाम करतो. फिजिओवाल्या मुलीनं मोठ्यानं 'आ' म्हणायला सांगितलं होतं, पण उगाच 'आ' कुणी करायचं? मी गाड्या पुकारतो. "कराडहून पाटण, कोयनानगरमार्गे चिपळूणला जाणारी गाडी फलाट क्रमांक..." एकदा एका म्हाताऱ्या बाईंनी खरंच थांबून विचारलं, "किती वाजता हो?"

मनासाठीही डॉक्टरांनी एक लहानशी गोळी दिली. मी का-कू केलं, मला काय वेड लागलंय का, वगैरे. त्यांचं म्हणणं असं की उदास वाटणं हा या आजाराचाच भाग आहे, दुखण्यानं उदासी वाढते आणि उदासीनं दुखणं. दोन्हीकडून एकदम धरावं लागतं. वहीतले आकडे महिना-दीड महिन्यात उतरले. पाठीचा सातचा चार झाला. त्यात गोळीचा वाटा किती आणि आंघोळ करून बाहेर पडायला लागलो त्याचा किती, ते वही सांगत नाही.

डाव्या पावलाचं पुढच्या भेटीत विचारायचंय. पोटरीच्या ठरावीक स्नायूत बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन देतात, साधारण तीन महिने अंमल राहतो, मग पुन्हा घ्यावं लागतं. खर्च आहे. शिवाय स्नायू फार ढिला पडला तर चालताना तोल जायचा, मग एकाच्या बदल्यात दुसरं. हे सगळं वहीच्या मागच्या पानावर प्रश्न म्हणून लिहून ठेवलंय. डॉक्टरांसमोर बसलं की आवाज आणि आठवण दोन्ही दगा देतात. अपंगत्वाच्या दाखल्याचंही विचारायचंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार धरलेत त्यात पार्किन्सन्स आहे, हे आमच्याकडं फार कमी लोकांना माहीत आहे. तिकिटाच्या सवलतीचा प्रश्न नाही म्हणा. मी पासष्टच्या पुढचा, ही बाईमाणूस, एसटीत दोघांचंही अर्धंच. हिचं म्हणणं, दोघं मिळून एका माणसाच्या पैशात जातो, निदान कोल्हापूरला तरी एकमेकांशी भांडत जाऊ नये.

वहीत अलीकडं एक रकाना वाढला आहे. एका सकाळी मी नोंद करत होतो, ही कणीक मळताना मध्येच थांबून ओट्याला कंबर टेकून उभी राहिली. विचारलं तर "काही नाही." हे 'काही नाही' मी स्वतः बरीच वर्षं म्हणत आलोय, त्यामुळं मला ते ऐकू येतं. रात्री दोनदा-तीनदा मला दंडाला धरून उठवते ती. माझं वजन बासष्ट किलो, तिचं अठ्ठेचाळीस. मी तिच्या नावाचा रकाना आखला, आणि चार दिवसांत तिच्या कमरेचे आकडे माझ्या पाठीच्या वर गेले.

मग तिला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" ही म्हणाली, "यांचं पहाटे पाऊल आत वळतं, म्हणजे पहिल्यासारखं रोज नाही, पण..." डॉक्टर म्हणाले, "ताई, मी तुमचं विचारतोय." ती माझ्याकडं बघायला लागली. मी वही पुढं सरकवली.

हाडं ठीक आहेत. ओढून उचलण्यानं स्नायू दुखावलेत. फिजिओवाल्या मुलीनं आता आमची पद्धतच बदलून टाकली आहे. हिनं मला उचलायचं नाही. मी आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, कोपर रोवून उठायचं, हिनं फार तर खांद्याला हात लावायचा. पहिल्या दिवशी माझा बराच वेळ गेला त्यात. ही समोर खुर्चीवर बसून होती, हात मांडीखाली दाबून, म्हणजे चुकूनसुद्धा पुढं यायला नकोत. मी अर्ध्यात कोपरावर अडकलो, पुन्हा पडलो, पुन्हा वळलो. शेवटी बसता झालो तेव्हा ही म्हणाली, "अहो, उजाडलं."